उन्हाळ्यात उघडलेली कमान: लाकडी विमानाच्या वाकवलेल्या भागांसाठी गोंद कसा ठरवला

ज्येष्ठ महिन्यात मामांचा फोन आला, "भाच्या, कमान साच्यात बसू नाही लागली बघ, ये बरं एकदा." मी सुट्टीचा दिवस बघून गेलो. गंगापूर तालुक्यात मामांचं शेत आहे, शेतात पत्र्याचं शेड, आणि त्या शेडमध्ये मामा लाकडाचं विमान बांधतायत. एअरफोर्समध्ये वीस वर्षं एअरफ्रेम फिटर होते, रिटायर झाल्यावर कापूस-तुरीच्या जोडीला हे काम धरलंय. विमान पिटेनपोल एअर कॅम्परच्या धर्तीचं, म्हणजे पंख डोक्यावर, दोन सीट, सगळा सांगाडा लाकडाचा आणि वरून कापड. मूळ पिटेनपोल १९२९ सालचं, अमेरिकेतल्या एका खेड्यात बर्नार्ड पिटेनपोल यांनी फोर्ड कारचं इंजिन लावून उडवलेलं. शेडमध्ये बांधायला याच्याइतकं समजण्यासारखं विमान दुसरं नाही असं मामांचं मत, आणि मलाही ते पटतं.

मी चिकलठाणा एमआयडीसीत पॅटर्न मेकर आहे, फाउंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न बनवतो. लाकूड चिरणं, थर चिकटवणं, गोलाई काढणं हे माझं रोजचं काम, म्हणून पंखाच्या टोकाची कमान, म्हणजे पातळ पट्ट्या साच्यावर वाकवून एकमेकींना चिकटवलेली गोल कड, कशी करायची हे मामांनी मलाच विचारलं होतं आणि गोंद मीच सांगितला होता. दुकानात मिळणारा चांगल्या प्रतीचा पांढरा गोंद, पीव्हीए. पॅटर्न शॉपमध्ये पंचवीस वर्षं तोच वापरतो आणि एकही जोड सुटलेला मला आठवत नाही. ही चूक माझी होती, म्हणून पुढचं सगळं नीट लिहितोय, दुसऱ्या कुणी तीच करू नये.

चैत्रात बनवलेली ती कमान शेडच्या भिंतीवर, पत्र्याच्या खाली दोन हातांवर टांगलेली होती. साच्यावर ठेवून बघितली तर एका टोकाला बोटभर फट. दाबली की बसते, सोडली की उघडते. आधी वाटलं कुठेतरी थर सुटला असेल, म्हणून सुरीचं पातं प्रत्येक रेघेत घालून बघितलं, कुठेच जाईना, जोड सगळे घट्ट. मग टोक बघितलं. चिकटवून झाल्यावर मामांनी ते टोक काटकोनात कापून रंधा मारून सपाट केलं होतं, आणि आता ते किंचित तिरकं झालेलं. नख फिरवलं की दर पट्टीला बारीक अडकायचं, जिन्याच्या पायऱ्या असतात ना तसं. म्हणजे थर सुटले नव्हते, एकमेकांवरून सरकले होते.

इथेच सगळं प्रकरण आहे. पॅटर्नमध्ये मी सरळ फळ्या एकावर एक चिकटवतो, त्यात लाकूड शांत बसलेलं असतं, गोंदाला फक्त धरून ठेवायचं असतं. वाकवलेल्या कमानीत तसं नसतं. दोनशे पानी वही वाकवून बघा, पानं एकमेकांवरून सरकतात आणि कडा तिरकी होते. तशाच अवस्थेत पानांना गोंद लावून सुकवली तर वही वाकलेलीच राहील, पण प्रत्येक पान सरळ व्हायला धडपडत असतं आणि त्याला फक्त गोंद अडवतो. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. विमान उडो न उडो, तो ताण चालूच असतो. पीव्हीए सुकला तरी आतून थर्मोप्लास्टिकच, म्हणजे ऊन लागलं की मऊ पडतो आणि कायमच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. याला क्रीप म्हणतात. माझ्या शॉपमध्ये पंचवीस वर्षं तो सरकला नाही, कारण त्याच्यावर असा ताण कधी आलाच नव्हता.

साच्यातून काढल्यावर कमान थोडी उघडते हे ठरलेलंच आहे, गोंद कितीही चांगला असो. त्याचा हिशोब सोपा आहे आणि दर वेळी कामाला येतो: एकसारख्या जाडीच्या जितक्या पट्ट्या, त्या आकड्याचा वर्ग करायचा आणि एक भागिले तो वर्ग, तेवढा वाक परत जातो. सहा पट्ट्या असतील तर छत्तिसावा हिस्सा, नऊ असतील तर एक्याऐंशीवा. म्हणून पट्ट्या पातळ आणि जास्त घेतल्या तर कमान साच्याला जास्त इमानदार राहते. तीन मिमीच्या पट्ट्या तीनशे मिमी त्रिज्येला कोरड्या वाकवताना आमच्या दोन तडकल्या, दोन मिमीच्या आरामात वाकल्या. पण कटर मशीनचं पातं दर कापाला जवळपास तीन मिमी भुसा करतं, म्हणजे दोन मिमीची पट्टी काढताना निम्म्याहून जास्त लाकूड भुश्यात जातं, आणि विमानासाठी बाहेरून मागवलेलं स्प्रूसचं लाकूड असं भुश्यात जाताना जिवाला लागतं. तरी आम्ही दोन मिमीच घेतली.

त्याच ज्येष्ठात, उतावळेपणाने, आम्ही इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारा गोंद, करून बघितलं. दुपारचे तीन वाजलेले, शेडमध्ये अडतीस-एकोणचाळीस अंश. मामांनी प्लास्टिकच्या ग्लासात दोनशे ग्रॅमच्या आसपास एकदम मिक्स केलं. चार पट्ट्यांना लावून होईपर्यंत ग्लास हाताला चटका देऊ लागला, मग धूर निघायला लागला आणि ग्लास खालून वितळून बसला. डब्यावर लावायला अर्धा तास लिहिलेला, पण तो पंचवीस अंशाचा अर्धा तास असतो. दहा अंश वाढले की वेळ निम्म्यावर येतो, आणि इपॉक्सी स्वतः गरम होत असल्यामुळे खोल ग्लासात उष्णता कोंडून आणखी वेग घेते. थोडं थोडं मिक्स करायचं, पसरट ताटलीत ओतायचं आणि उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत काम संपवायचं, हे त्या दिवशी शिकलो.

मग थांबलो. पाऊस सुरू झाला, पेरण्या आल्या, आणि ते बरंच झालं कारण वाचायला नि विचारायला वेळ मिळाला.

मामांच्या गावातले आबा, पंच्याहत्तरीचे सुतार, आयुष्यभर बैलगाड्या केल्या. त्यांचा आग्रह सरसाचा. "चूल पेटवायची, भांड्यात भांडं ठेवून सरस शिजवायचा, त्याच्यासारखा धरणारा दुसरा नाही बाबा." धरतो हे खरं आहे, पण ओल लागली की सुटतो, आणि आपल्याकडे श्रावणात शेडमधल्या हवेला हात लावला तरी ओलसर लागतं. पहिल्या महायुद्धाच्या काळातली आणि नंतरचीही कितीतरी विमानं दुधापासूनच्या केसीन गोंदावर उभी होती, त्यालाही ओलीचं नि बुरशीचं तेच दुखणं. पॉलियुरेथेन वाला फेसाळणारा गोंद मी स्वतः बाजूला काढला, तो फट भरल्यासारखा दिसतो पण त्या फेसात दम नसतो.

राहिले चार: पांढरा पीव्हीए तुलनेसाठी, फ्लश डोअर नि प्लायवाले वापरतात तो यूरिया फॉर्मल्डिहाइड, इपॉक्सी, आणि रेसॉर्सिनॉल, म्हणजे द्रवात पावडर मिसळून करायचा लालसर गोंद. अमेरिकेच्या एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान खात्याचं, विमान दुरुस्तीचं पुस्तक आहे, एसी ४३.१३-१बी, १९९८ सालचं. त्यात लाकडी विमानाच्या स्ट्रक्चरसाठी ताकद आणि टिकाऊपणा दोन्हीत पूर्ण उतरणारा म्हणून रेसॉर्सिनॉलचं नाव आहे, इपॉक्सी स्पेसिफिकेशनमध्ये बसत असेल तर चालते पण सांभाळून, आणि यूरियाचा पावडरवाला गोंद गरम दमट हवेत लवकर खराब होतो म्हणून विमानासाठी कालबाह्य ठरवलाय. वाचून मामा म्हणाले, "मग झालं की, रेसॉर्सिनॉल आणायचा, विषय संपला." माझं म्हणणं वेगळं होतं. पुस्तक अमेरिकेतलं, शेड आपलं. आपल्याला तेवढा दाब देता येतो का, आपल्या हातून तो जोड बनतो का, आणि मे महिन्यात पत्र्याखाली तो काय करतो, हे इथेच बघायला पाहिजे.

रेसॉर्सिनॉलचं कसं आहे, जोड एकदम पातळ लागतो, कागदाच्या जाडीचा. फट भरून काढणं त्याला जमत नाही. मऊ लाकडाला सव्वाशे ते दीडशे पीएसआय दाब सांगितलाय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला नऊ-दहा किलो. आमची कमान पंचवीस मिमी रुंद, लांबी साधारण चौऱ्याण्णव सेंमी, क्षेत्रफळ दोनशे पस्तीस चौरस सेंमी, म्हणजे एकूण दाब दोन टनाच्या वर. मोटरसायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळून एवढा दाब येत नाही, इपॉक्सीला मात्र ती पद्धत छान चालते कारण इपॉक्सीला जास्त दाब नकोच असतो, उलट जास्त आवळलं तर सगळी बाहेर निघून जोड उपाशी राहतो. रेसॉर्सिनॉलसाठी मी शॉपमध्ये कमानीच्या बाहेरच्या गोलाईचे जाड ठोकळे कापून घेतले आणि चौदा सी-क्लॅम्प लावायचे ठरवले, एकेकाला दीडशे किलो आला तरी हिशोब बसतो. पॅटर्नवाल्याला असे ठोकळे काढणं काही अवघड नाही, पण घरी एकट्याने बांधणाऱ्याला ही अडचण खरी आहे.

गोंद मिळवायलाही त्रास झाला. पहिला डबा बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून आला, उघडला तर आतलं द्रव काकवीसारखं दाट, तार धरत होतं, तारीख बघितली तर मुदत संपायला पंधरा दिवस. या गोंदाचं आयुष्य वर्षभराच्या आसपास, तेही थंड जागी ठेवला तर, आणि हा कुठल्या गोडाऊनमध्ये कसा पडून होता देव जाणे. परत घ्यायला तयार नव्हते, तो आम्ही टाकून दिला. ज्या डब्याची शंका आली तो डबा विमानात जात नाही, हे मामांनी तिथेच ठरवून टाकलं. दुसरा डबा ताजा मिळाला, द्रव पातळ, दारूसारखं लालसर तपकिरी, आणि पावडर वेगळ्या पिशवीत.

माघात, म्हणजे फेब्रुवारीत, नमुने केले. हा काळ मुद्दाम निवडला. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड इतकं वाळतं की ओल पाच-सहा टक्क्यांवर येते, ऑगस्टमध्ये तेच पंधराच्या आसपास जातं, आणि चिकटवताना आठ ते बारा पाहिजे. ओल मोजायचं मीटर आमच्याकडे नव्हतं. गावातल्या सराफाने काटा वापरू दिला. पट्टीचा तुकडा तोलला, २४.६ ग्रॅम. घरच्या ओव्हनमध्ये शंभरच्या थोडं वर ठेवून, वजन उतरायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोलला, शेवटी २२.५. फरक २.१, त्याला कोरड्या वजनाने भागलं तर नऊ टक्क्यांच्या थोडं वर. सराफ शेवटपर्यंत विचारत राहिले की लाकूड कशाला तोलू लागलाव, आणि विमानासाठी म्हणल्यावर त्यांनी चहा मागवला.

नमुने स्प्रूसचे नाही केले, एमआयडीसीत पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन मिळतं त्यातून सरळ रेषेच्या, बिनगाठीच्या फळ्या निवडल्या. सगळे एकसारखे: दोन मिमीच्या नऊ पट्ट्या, अर्धवर्तुळ, त्रिज्या तीनशे मिमी. खरी विंगटिप याच्यापेक्षा सैल वाकाची आहे, पण अर्धवर्तुळाचं तोंड मोजायला सोपं: साच्यात सहाशे मिमी, आणि एक्याऐंशीव्या हिश्श्याच्या हिशोबाने बाहेर आल्यावर सहाशे सात. दोन्ही टोकांवर पंच मारून खूण केली म्हणजे दर वेळी तिथूनच माप. रात्री पारा बारा-तेरावर येत होता आणि रेसॉर्सिनॉलला एकवीस अंशाच्या खाली चालत नाही, म्हणून साच्यावर काठ्यांची चौकट, त्यावर दोन गोधड्या आणि आत शंभरचे दोन बल्ब. रात्री एकदा लाईट गेली तेव्हा मामी उठून शेकोटीतल्या विटा कापडात गुंडाळून आत ठेवून आल्या. थर्मामीटर सकाळी चोवीस दाखवत होता.

इपॉक्सीच्या दोन कमानी केल्या. एक तशीच ठेवली. दुसरी साच्यावरून न काढता थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून हळूहळू साठ अंशावर नेली आणि आठ तास ठेवली. कारण खोलीच्या तापमानाला जमलेल्या इपॉक्सीचा मऊ पडायचा बिंदू साधारण पन्नास-साठ अंशाच्या पट्ट्यात असतो, नंतर अशी शेकली की तो वर सरकतो. सगळ्या कमानी त्याच भिंतीवर, पत्र्याखाली, जिथे पहिली बिघडली तिथेच टांगल्या.

काढल्याबरोबरची मापं: पीव्हीए ६०९, साधी इपॉक्सी ६०८, शेकलेली ६०७, रेसॉर्सिनॉल ६०७. सगळे हिशोबाला धरून. यूरियावाली पण ६०७.

मे अखेरीस पत्र्याखालचा थर्मामीटर एक्कावन्नवर गेला. पीव्हीए ६३४. साधी इपॉक्सी ६१३. आणि शेकलेली ६०४, रेसॉर्सिनॉल ६०३, म्हणजे या दोन उघडण्याऐवजी मिटल्या होत्या. यूरिया पण ६०३. मामा खुश, मी गोंधळात, कारण गोंद कमानीला आत ओढू शकत नाही, मग मिटली कशी?

ऑगस्टच्या मध्यात परत मोजलं आणि मामांचा चेहरा उतरला. रेसॉर्सिनॉल ६११, शेकलेली इपॉक्सी ६१२, साधी ६२१, पीव्हीए ६४१. "हा बी सरकू लागलाय की रे. मग पुस्तकात काय खोटं लिहिलंय का?" आबा तिथेच बाजेवर बसले होते. ते म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात गाडीची धाव ढिली होती, ठाव हाय ना? मग चाक डोहात बुडवून ठेवायचं, की फुगून धाव पुन्हा घट्ट. लाकूड हाय ते, श्वास घेतंय."

मी तिथल्या तिथे कागद घेतला. लाकूड ओलीने रुंदीत नि जाडीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. कमानीची जाडी वाढली आणि लांबी तेवढीच राहिली की कमान उघडते, जाडी आटली की मिटते. जाडीत पाऊण टक्क्याचा फरक धरला तर या कमानीचं तोंड चारेक मिमी इकडेतिकडे होतं, म्हणजे मेमध्ये ६०३, ऑगस्टमध्ये ६११, अगदी आमचेच आकडे. म्हणजे रेसॉर्सिनॉल सरकलाच नव्हता, लाकूड श्वास घेत होतं. आणि खरी ओळख अशी की लाकडाचा फरक परत येतो, गोंदाचा येत नाही. म्हणून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबलो, त्याच ओलीला, त्याच खुणांवरून मोजलं: रेसॉर्सिनॉल ६०७, जिथून निघाला तिथे परत. शेकलेली इपॉक्सी ६०८, एक मिमीचा फरक, तो माझ्या मापाचाही असू शकतो. साधी इपॉक्सी ६१७, म्हणजे नऊ मिमी कायमची गेली. पीव्हीए ६३७. कुणी हे करून बघणार असेल तर एकच विनंती, उन्हाळ्यातलं एक माप घेऊन निकाल लावू नका, वर्षभराचा फेरा पूर्ण होऊ द्या, नाहीतर चांगल्या गोंदाला वाईट आणि वाईटाला चांगला ठरवाल.

यूरिया टांगलेल्या मापात नापास झाला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तो कडक असतो, सरकत नाही. त्याला पकडलं उकळीने. बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्लायचे नमुने आठ तास उकळतात आणि मरीन प्लायचे बहात्तर तास, ते धरून आम्ही कमानींच्या टोकाचे तुकडे कापून पातेल्यात टाकले, खाली पऱ्हाट्या, आणि आठ तास. यूरियाचे थर दोन तासांत आपोआप वेगळे होऊन तरंगायला लागले. पीव्हीए पांढरा लगदा झाला. रेसॉर्सिनॉलचं पाणी चहासारखं लाल झालं पण तुकडा वाळवून पटाशीने फोडला तर फुटलं ते लाकूड, गोंदाची रेघ नाही, दोन्ही बाजूंना धागे. इपॉक्सीला उकळत्या पाण्याची परीक्षा लावणं मला तितकंसं न्याय्य वाटत नाही, तिच्या मऊ बिंदूच्या कितीतरी वर ते तापमान आहे, म्हणून तिचा निकाल मी यावर नाही लावला.

पटाशीची परीक्षा मात्र सगळ्यात मोलाची, कारण तिने आमचीच चूक दाखवली. रेसॉर्सिनॉलच्या एका तुकड्यात मधल्या दोन रेघा जाड निघाल्या, आणि फोडल्यावर तिथे धागे नव्हते, चकचकीत लाल काच. त्या पट्ट्या कटर मशीनवरून आल्या तशाच लावल्या होत्या, पात्याच्या लाटा राहून गेलेल्या. बाकीच्यांना रंधा मारला होता. मामांनी तेव्हा मॉस्किटोची गोष्ट काढली. दुसऱ्या महायुद्धातलं डी हॅविलँडचं लाकडी बॉम्बर, बाल्सा आणि बर्च प्लायचं. १९४४ च्या शेवटी आपल्या भागात, भारत-ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर असताना काही विमानं तुटून पडली, आणि सगळ्यांनी पहिला दोष दिला इथल्या उन्हाला, पावसाला नि गोंदाला. नंतरच्या तपासात निघालं की बनवतानाच जोड नीट झाले नव्हते, आणि पावसाळ्याचं तोंडही न बघितलेल्या विमानांत तेच दोष सापडले. मामांनी ती गोष्ट अनेकदा सांगितली होती, पण नेहमी पहिल्या अर्ध्यावर थांबायचे. त्या दिवशी हातात तो लाल काचेचा तुकडा धरून पूर्ण सांगितली.

तर निर्णय. कमानी, म्हणजे दोन्ही विंगटिप आणि शेपटीच्या गोल कडा, रेसॉर्सिनॉलमध्ये. शेकलेली इपॉक्सी मापात जवळपास बरोबरीला होती, आणि ज्याला दोन टनाचा दाब देणं शक्य नाही त्याने ती वापरली तर मी त्याला चूक म्हणणार नाही, फक्त शेकायचं काम खरोखर करायला पाहिजे आणि प्रत्येक वेळी थर्मामीटर बघून. आमच्याकडे आठ तास सलग लाईट राहील याचा भरवसा नाही, आणि अर्धवट शेकलेली कमान बाहेरून ओळखू येत नाही, ही भीती मला जास्त वाटली. दुसरं कारण कापडाचं. विमानाचं पॉलिस्टर कापड इस्त्री फिरवून आवळतात, एकशेवीसपासून पावणेदोनशे अंशापर्यंत, आणि कापड ज्या कडेवर ताणलेलं असतं ती कड म्हणजे हीच कमान. इस्त्री तिथे थोडाच वेळ असते, पण त्यानंतर त्या कापडाचा ताण कायमचा कमानीवर बसतो. आधीच आत ताण कोंडलेला, वरून हा दुसरा, आणि मराठवाड्याचं ऊन. इथे मला मऊ पडणारं काही नको होतं.

बाकीच्या ठिकाणी, पंखाच्या फासळ्यांच्या कोपऱ्यातल्या प्लायच्या चकत्या वगैरे, जिथे क्लॅम्प पोचत नाही आणि बारीक फट राहतेच, तिथे इपॉक्सी. तिथे लाकूड वाकवलेलं नाही, कोंडलेला ताण नाही. रंग पांढराच, सगळीकडे. मामांना शेपटीवर गडद निळा पट्टा पाहिजे होता, एअरफोर्सची आठवण म्हणून, पण फायबरची ग्लायडर सगळी पांढरी का असतात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, गडद रंग उन्हात किती तापतो ते हात लावला की कळतं. पट्टा आता कॉकपिटच्या आत येणार आहे.

कामाची पद्धत अशी बसलीये: दिवाळीनंतर ते फाल्गुन, सकाळी दहाच्या पुढे. पट्ट्यांना त्याच दिवशी रंधा, पॉलिश पेपर नाही, कारण बारीक भुसा छिद्रांत बसतो आणि रेसॉर्सिनॉल ते सोसत नाही. गोंद वजनाने, अंदाजाने कधीच नाही. दोन्ही बाजूंना लावायचा. आवळल्यावर कडेने सगळीकडे थेंबांची माळ दिसली पाहिजे, जिथे नाही दिसली तिथे थांबून बघायचं. हातमोजे घालायचेच, मामांच्या मनगटाला इपॉक्सीने पुरळ आलं ते महिनाभर गेलं नाही. आणि प्रत्येक घोळातून दोन छोटे तुकडे वेगळे चिकटवून त्यावर तारीख नि डबा नंबर. एक चार दिवसांनी फोडायचा, दुसरा जपून ठेवायचा. उद्या डीजीसीएचा, म्हणजे आपल्या सरकारी विमान खात्याचा, माणूस तपासायला आला आणि विचारलं या कमानीत काय आहे, तर तोंडाने सांगायचं नाही, तुकडा पुढे करायचा.

पहिली खरी स्प्रूसची कमान माघात झाली. तिच्या घोळाचा तुकडा मी फोडला, धागे दोन्हीकडे, रेघ केसाएवढी. आबांनी तो हातात घेऊन बराच वेळ फिरवला, वास घेतला, नखाने रेघ शोधायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "हे सरसासारखं नाही. पण धरलंय." ती कमान आता त्याच भिंतीवर पत्र्याखाली आहे, मे आणि ऑगस्टची मापं घेऊनच ती पंखाला लागणार. दुसरीच्या नऊ पट्ट्या चिरून ठेवल्यात.